कोणाचाच नसलेला महिना

॥ श्री ॥

भिवंडी,
आषाढ वद्य पक्ष, शके १८९९
बुधवार, ता. ६ जुलै १९७७

चि. रघू यास,

नवशाचा आशीर्वाद. हा शब्द लिहिताना हात जरा अडला होता. पण बायकोचा धाकटा भाऊ तो धाकटाच, तेव्हा लिहिला. घ्यायचा की नाही ते तू ठरव.

तिकडे इगतपुरीला पाऊस आमच्यापेक्षा जास्त, म्हणून मुलांना जपा. इकडे भाताच्या आवण्या सुरू झाल्यात. तुझी भाची चंद्रा राहनाळला सासरी सुखात आहे, तिचा धाकटा आता भिंतीला धरून चालतो. माझं काम तेच, बिघडलेले माग दुरुस्त करायचे. एका कानाने ऐकू येणं कमी झालं आहे. त्या खडखडाटात इतकी वर्षं गेली, त्याची ही खूण म्हणायची. शुक्रवारी माग बंद असतात तेव्हा शांततेनं डोकं दुखतं.

मागच्या शुक्रवारी तुळशीरामशेट भेटला. अकलोलीच्या खोलीतला तुझा श्रावण तू त्याला परत देणार आहेस, असं त्याच्याकडून कळलं. बाकीच्यांनी आपापले महिने परत दिलेच आहेत. राहिलेत फक्त तुझा श्रावण आणि माझा भाद्रपद. दोन्ही हाती आले की तो खोली मुंबईच्या एका माणसाला देणार आहे. तो माणूस भिंती पाडून तिथं लॉज बांधणार. माझं मागणं एवढंच आहे, रघू, की इतक्यात सही करू नकोस. का, ते सांगायला हे पत्र. तीन वर्षांपूर्वी तू विचारलं होतंस तेव्हा मी बोललो नाही, ते आज लिहितो.

ती खोली घ्यायला मीच तुला भरीला घातलं, हे मी विसरलेलो नाही. तुळशीरामशेट तेव्हा नदीकाठी खोली बांधून गिऱ्हाईक शोधत होता. बारा घरांनी मिळून एक खोली आणि वर्षातला एकेक महिना ज्याचा त्याचा, ही त्याची कल्पना. मी म्हटलं, महिनाभराचं घर कुठं असतं का? तो म्हणाला, "नवशाशेट, अख्खं घर घेऊन कुलूपच लावणार ना? मग अकरा महिन्यांचं कुलूप कशाला विकत घेता?" मी हसलो, आणि हसलो तिथंच फसलो. तुझ्या ताईचे गुडघे तेव्हा फार धरायचे. गरम कुंडात महिनाभर आंघोळी झाल्या तर बरं वाटेल, असं मनात होतं. श्रावण तुला सुचवला. भाद्रपद पितरांचा म्हणून कोणी घेईना, तो मी घेतला. पितर आपलेच, त्यांना काय भ्यायचं.

महिने तिथीचे धरले होते. पण अधिक महिना कोणाच्याच ध्यानात आला नाही. बाराही घरं पंचांग पाहणारी, तरी एकालाही सुचलं नाही. चौऱ्याहत्तर साली भाद्रपदच अधिक आला. मी तुळशीरामकडे गेलो, म्हटलं दोन्ही भाद्रपद माझे. तो म्हणाला, "धोंड्याचं वाण जावयाला देतात. तू माझा जावई कधी झालास?" मग जरा गंभीर होऊन म्हणाला, "तो महिना मी कोणाला विकलेलाच नाही. त्याला मालक नाही. खोली बंद राहील."

घरी येऊन हे सांगितलं तर तुझी गुणाताई म्हणाली, "कोनाचाच न्हाय तर मंग जाऊ द्या ना मना. कोनाचं काय जातं?" तिने कधी काही मागितलं नव्हतं. मी तुळशीरामची समजूत घालून किल्ली आणली, तिला अकलोलीला सोडलं आणि कामावर परतलो. दर शुक्रवारी अंबाडी नाक्यावरून गाडी बदलून जात असे.

इथपर्यंत तुला माहीत आहे. पुढचं माहीत नाही.

पहिल्या शुक्रवारी गेलो तेव्हा गुणा ओटीवर मांडी घालून बसली होती. मांडी घालून बसलेली मी तिला दोन-तीन वर्षांत पाहिली नव्हती. अंगण सारवलेलं होतं. चूल थंड होती, पण भाताला वाफ येत होती. मी विचारलं, "कोणी करून दिलं?" ती म्हणाली, "हितल्या बाया हायेत." मला वाटलं, कुंडावर येणाऱ्या बायका असतील. अधिकात स्नानाला गर्दी असतेच.

दुसऱ्या शुक्रवारी मी ओटीवर पोथी वाचत बसलो होतो. चांगलं लख्ख ऊन होतं, दुपारचं. आतून सुपाचा आवाज येत होता, बांगड्यांचा येत होता, आणि बायका काम करताना हळू बोलतात तसं बोलणं. एकीचं नव्हे, पुष्कळ जणींचं. मागांजवळ राहून माझे कान गेलेत हे खरं, पण किती माग चालू आहेत ते मी अजून बाहेरूनही सांगतो. आत पुष्कळ जणी होत्या. पाणी मागायला मी दारात गेलो.

आत एकटी गुणा होती. माझ्याकडे पाठ करून बसली होती, हात मांडीवर ठेवून. तिचे केस मोकळे होते. आणि रघू, त्या केसांचे तीन पेड आपोआप होत होते. एक पेड वर उचलला जाई, दुसऱ्यावरून पलीकडे जाई, मग ओढून घट्ट होई. ओढ बसली की गुणाची मान जराशी मागे जात होती, लहान मुलीची वेणी घालताना जाते तशी. ती डोळे मिटून होती. मी पाणी न मागताच परत आलो. पोथी उघडीच होती, पण अक्षर लागेना. देवाचं नाव तेवढं घेत राहिलो.

संध्याकाळी निघताना तिला विचारलं, "कोण आहेत त्या?"

"ज्यांचा महिना न्हाय त्या समद्या."

"म्हणजे काय?"

ती हसली. म्हणाली, "तुमाला चैत्र हाय, वैशाख हाय, सण हायेत, सुगी हाय. बाईला कंचा महिना हाय सांगा? श्रावण उपासाचा, भादवा गौरींचा, आश्विन सारवायचा, मंग सुगी. समदे दुसऱ्यांचे. ह्यो एकच महिना हाय, त्याच्यात सण न्हाय, लगीन न्हाय, कोनाचं काय करायचं न्हाय. म्हनून त्या हितं येतात."

"आणि तू?"

"मी पन आलीच ना."

ती चिडलेली नव्हती. आमचं भांडणही नव्हतं, हे तू मानावंस. तेवीस वर्षांच्या संसारात ती इतकं सलग माझ्याशी बोललेली मला आठवत नाही. मी भ्यालो होतो, पण तिच्या तोंडावर जे समाधान होतं ते मी कधी पाहिलं नव्हतं. तिला तसंच उठवून घरी आणायला माझं मन झालं नाही.

अधिकातला शेवटचा शुक्रवार आला. पुढच्या आठवड्यात गणपती, मग गौरी. मी न्यायला गेलो. तिने माझी पिशवी भरून दिली आणि म्हणाली, "तुमी व्हा म्होरं." मी म्हटलं, गौरी कोण बसवणार? ती उंबऱ्याच्या आत उभी राहून, माझी गाडी चुकेल म्हणून घाई करत राहिली. आत तिच्या मागे कोणीतरी घागर खाली ठेवली, तो आवाज मी ऐकला. मी मागे वळून पाहिलं नाही.

ती गणपतीला आली नाही. दीड दिवसाने विसर्जन करून मी धावत गेलो तर दाराला बाहेरून कुलूप आणि किल्ली वळचणीला, आम्ही ठेवायचो तिथंच. आत झाडून घेतलेलं, भांडी पालथी, तिचं लुगडं दोरीवर वाळत. कुंडाजवळ नारळ-उदबत्ती विकणारी राहीबाई म्हणाली, "आवसेला दुपारी आंघोळीला आल्या होत्या बाया. तुमची बायको मधी होती. बाकीच्या कोनी वळखीच्या न्हवत्या. समद्या खोलीत गेल्या नि दार लावलं." मी विचारलं, बाहेर कधी आल्या? ती म्हणाली, "मी हितंच हुती. कोनी आलं न्हाय."

पुढचं तू पाहिलंसच. पोलीस आले, तानसा नदीत माणसं उतरली, विहिरींत गळ टाकले. अंबाडी नाक्यावर चारचौघांत तू माझी गचांडी धरून विचारलंस, "ताई कुठं टाकलीस माझी?" मी गप्प राहिलो, म्हणून तुझा संशय पक्का झाला. पण त्या वेणीची गोष्ट नाक्यावर कशी सांगायची? तू मारलंस त्याचा मला राग नाही. बहिणीसाठी एवढं तरी कोणी करावं.

मग पंचाहत्तरचा भाद्रपद आला, शहात्तरचा आला. दोन्ही वेळा माझ्या हक्काने महिना महिना जाऊन राहिलो. काही नाही. कोळिष्टकं, पाली, ओल धरलेल्या भिंती. रिकामी खोली रिकाम्या खोलीसारखी. मी हाका मारल्या, दिवा लावून बसलो, तिच्यासाठी पान वाढलं. ते पान तसंच राहिलं. तेव्हा कळलं की मी चुकीच्या महिन्यात शोधतो आहे.

चंद्राच्या सासरचे अविधवा नवमीला म्हणाले, आता श्राद्ध घाला, पोरीच्या मनाला बरं वाटेल. मी घालू दिलं नाही. जी गेली नाही तिला पिंड कसा द्यायचा? चंद्रा माझ्याशी काही दिवस बोलली नाही. तिला मी यातलं काही सांगितलेलं नाही.

आता या वर्षी श्रावण अधिक आहे. सतरा तारखेला लागतो. तुळशीराम आता शहाणा झालाय. म्हणतो, ज्याचा महिना त्याचाच अधिकही. म्हणजे तो महिना तुझा, रघू. आणि तू तो आता सोडून दिलास तर पुढचा अधिक यायच्या आत तिथं भिंत उरणार नाही. मग त्या बाया कुठं जातील? गुणा कुठं जाईल?

म्हणून मागतो. अधिक श्रावण मला दे. तुळशीरामला एक कार्ड टाक की नवशाला किल्ली दे. ती खोली घेतल्याचा पश्चात्ताप तुला आहे, मलाही आहे. रोज विचार येतो, न घेतली असती तर गुडघे धरून का होईना, गुणा घरात असती. मग तिचा तो चेहरा आठवतो आणि पश्चात्ताप पुरा होत नाही.

तिला परत आणायला जातो, असं तुला लिहायचं ठरवलं होतं. तुझी ताई तुला आणून देतो म्हटलं असतं तर तू लगेच किल्ली दिली असतीस. पण तुला खोटं लिहिणं मला जमत नाही. मी आणायला जात नाही. मी ओटीवर बसणार, ती आतून बोलली तर विचारणार की मी आत येऊ का. पुरुषाला तिथं जागा आहे की नाही, मला माहीत नाही. नाही म्हणाली तर जबरदस्ती करणार नाही. अमावास्या सरली की तू येईपर्यंत ओटीवर थांबेन, मग परत येऊन माझ्या भाद्रपदावर सही करून टाकीन. मग तूही कर.

निज श्रावणाच्या पहिल्या दिवशी खोली तुझी. त्या दिवशी ये. एकटा ये. मी ओटीवर दिसलो तर आपण दोघे मिळून कुंडावर आंघोळ करू, आणि तुला जे बोलायचं असेल ते बोल, मी ऐकून घेईन.

ओटीवर दिसलो नाही तर नदीत माणसं उतरवू नकोस. पोलिसांना बोलावू नकोस. चंद्राला जवळ घे, तिला मामा तू एकटाच. आणि जमलं तर खोली आणखी तीन वर्षं राहू दे. पुढला अधिक ज्येष्ठ आहे.

उत्तराची वाट पाहतो. किल्ली दिलीस तर बरं, न दिलीस तरी सतरा तारखेला मी त्या दारात जाऊन बसणार आहे.

तुझ्या ताईच्या घरचा,
नवशा