लेथ मशीन येतंय आणि मी घाबरलेलो नाही

१२ एप्रिल

रोजनिशी सुरू. वाचणारा मीच, तेव्हा खरं लिहायला हरकत नाही.

आज लेथ मशीन घेतलं, धातू गरागरा फिरवून कापायचं! इंग्लंडमधलं. यॉर्कशायरच्या मिसेस हॅडो नावाच्या विधवा बाईंकडून, ऑनलाइन लिलावात. शेवटची बोली लावताना दोनदा चुकीची कळ दाबली. कॉफी कडक झाली होती.

आता वर्कशॉप पूर्ण. वर्कशॉप म्हणजे आमचं गॅरेज. धातूचा तुकडा घट्ट धरायचे जर्मनीचे चक, समान भाग आखायचं पोलंडचं डिव्हायडिंग हेड, जपानी मायक्रोमीटर, स्विस कानशी, सगळं फळ्यांवर ओळीनं मांडलंय. सगळा माल सेकंडहँड, पण अस्सल. बराचसा अजून कागदातच आहे. धूळ बसायला नको. हौशी यंत्रवाल्यांच्या आमच्या क्लबातला ओरेस्ट हर्चाक बघून म्हणाला, मर्व्ह, खोगीर घेतलंस, लगाम घेतलास, नालसुद्धा घेतलेस, आता घोडं कधी घेणार? म्हटलं, घेतलं. तर त्यानं तोच प्रश्न पुन्हा विचारला. ओरेस्ट निवृत्त डेंटिस्ट आहे. लोक तोंड उघडून बसलेले असताना बोलायची सवय, त्यामुळे समोरच्याचं उत्तर ऐकायची सवय नाही.

१३ एप्रिल

आर्डिथला सांगितलं. माझी बायको शांत आहे, हीच तिच्याबद्दलची भीतीदायक गोष्ट. ती म्हणाली, मर्विन, मी हॉस्पिटलच्या किचनमध्ये पहाटेच्या पाळीला जाते, आणि सगळा हिवाळा माझी गाडी बाहेर गोठते, कारण गॅरेजमध्ये तुझी लोखंडी वरात. एक करू. पहिल्यांदा पारा उणे तीसला जाईपर्यंत त्या मशीनवर काहीतरी बनलेलं दिसलं, तर गॅरेज तुझं. नाहीतर माझ्या गाडीचं.

मी ताबडतोब हो म्हटलं. इथे कॅनडात, मॅनिटोबात, उणे तीस यायला अजून केवढा अवकाश आहे.

लेथ मी अजून चालवलेलं नाही. पण थिअरी पक्की आहे. विमा कंपनीत आयुष्यभर अपघातांचे दावे तपासले, त्यामुळे मशीनला काय करू नये हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार? एका दाव्यात माणसाच्या स्वेटरची बाही लेथमध्ये गेली होती. फाइलला फोटो जोडलेले होते. माझ्यावर त्याचा काहीही परिणाम झालेला नाही.

१५ एप्रिल

अर्धी बाही असलेले सहा शर्ट मागवले. उन्हाळा येतोय.

२२ एप्रिल

पैसे पाठवले. मग विचार आला, मिसेस हॅडो ही बाई नसेलच तर? टोळी असेल तर? फोन केला. बाईंनी मला राजा म्हटलं. कसा आहेस रे राजा, तुमच्याकडे बर्फ वितळलं का? मांजरीच्या थायरॉइडबद्दल खूप वेळ बोलल्या. टोळीकडे एवढी आजारी मांजर नसते. निर्धास्त झालो. खात्री म्हणून दुपारी पुन्हा फोन केला. मांजर तीच निघाली.

५ मे

क्लबमध्ये फोटो दाखवले. ओरेस्टनं फोटो मोठा केला आणि चक्क शीळ घातली. मशीनच्या बेडवर, म्हणजे खालच्या लांब लोखंडी पाटावर, बारीक बारीक खुणा आहेत, मला वाटलं ओरखडे. ओरेस्ट म्हणाला, अरे अडाण्या, हे हातानं स्क्रेप केलंय. छिन्नीसारखं हत्यार घेऊन कणाकणानं लोखंड खरवडायचं, की बेड तंतोतंत सपाट होतो आणि त्या खुणांमध्ये तेल धरून राहतं. बाईंच्या नवऱ्यानं एक अख्खा हिवाळा यावर घालवला असणार. तुझ्या या मशीनवर केसाच्या अंशाइतकं अचूक काम होईल, मर्व्ह! चुकायला तुला कारणच उरलं नाही.

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

१८ मे

फोरमवर भयंकर गोष्टी वाचल्या. जुनं मशीन कॅनडात आणायचं तर त्याला मातीचा कणही चालत नाही. अल्बर्टातल्या एकाच्या मशीनखाली वाळकं पान सापडलं, मशीन आल्या बोटीनं परत. पेटीचं लाकूडही भट्टीत तापवलेलं हवं, त्यावर तसा शिक्का हवा. नाहीतर आत किडे आहेत असं धरतात.

मिसेस हॅडोंना ईमेल केला. मशीन स्वच्छ करा.

१९ मे

बाईंचं उत्तर: माझ्या नवऱ्यानं, सिरिलनं, ते कायम स्वच्छच ठेवलं होतं, राजा.

हे पुरेसं नाही. पुन्हा लिहिलं.

२३ मे

काल स्वप्नात पान आलं. मेपलचं होतं, म्हणजे आपलंच, तरी कस्टमवाले ऐकेनात. सकाळी उठून मिसेस हॅडोंना अंतिम आणि निःसंदिग्ध सूचना पाठवली: "इतकं स्वच्छ करा की त्यात चेहरा दिसला पाहिजे." वाक्य छान जमलंय. विमा कंपनीत माझ्या पत्रांचं कौतुक व्हायचं ते उगाच नाही.

ओरेस्टला दाखवणार होतो, पण तो तळ्यावर मासे धरायला गेलाय.

३० जून

पेटी बोटीवर चढली. बोट नकाशावर दिसते, एक हिरवा ठिपका. दर थोड्या वेळानं बघतो.

४ जुलै

ठिपका हलत नाही. समुद्राच्या मधोमध. शिपिंग एजंटला फोन केला. तो म्हणाला, साहेब, नकाशा दिवसातून एकदाच अपडेट होतो. आर्डिथ म्हणाली, माझी बाळंतपणं झाली तेव्हा तू एवढा जागा नव्हतास.

मी जागा नाही. उकडतंय.

१५ सप्टेंबर

मॉन्ट्रियलच्या गोदीत खोळंबलेली पेटी शेवटी विनिपेगला पोचली. कस्टम ऑफिसला जाऊन आलो. टाय लावला होता, सगळी कागदपत्रं रंगीत फोल्डरमध्ये. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, जुनं मशीन? माती वगैरे? मी मुद्देसूद उत्तर दिलं. त्यात अल्बर्टातलं पान आलं, भट्टीचा शिक्का आला, मांजरही आली. मध्येच ती म्हणाली, सर, तुम्ही बसता का जरा? पाणी आणून दिलं. मग शिक्का मारला.

एकूण मुलाखतीवर माझी पकड होती.

१४ ऑक्टोबर

थँक्सगिव्हिंगची उरलेली टर्की खात होतो तेवढ्यात ट्रक आला. ओरेस्ट पेरोगीचा, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडीच्या करंज्यांचा, डबा आणि इंजिन उचलायची घोडी घेऊन हजर. पेटी गॅरेजमध्ये घेतली. फळ्या काढल्या. वरचा तेलकट कागद काढला.

मशीन आरशासारखं चकाकत होतं. बेडवर एकही खूण नव्हती.

ओरेस्टनं बेडवरून बोट फिरवलं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, मग परत. घसरगुंडी झालीय, म्हणाला. मधे खोल, कडेला उंच. हे कोणी केलं?

यॉर्कशायरला फोन लावला. मिसेस हॅडो खूश होत्या. पुतण्याला घासायचं मशीन भाड्यानं आणायला लावलं, राजा, दोन दिवस घासत होता. सिरिलनं काय ओरखडे करून ठेवले होते रे! आता दिसतो ना चेहरा?

दिसतो म्हटलं.

ओरेस्ट एका खोक्यावर बसला. त्याचे डोळे भरून आले होते, एका लोखंडासाठी. मीही खाली मान घालून उभा राहिलो. तेवढ्यात आर्डिथ जवळ आली आणि हळूच म्हणाली, मर्विन, एप्रिलपासून आज पहिल्यांदा तुझे खांदे खाली आलेत.

थकवा. दुसरं काही नाही.

१५ ऑक्टोबर

झोप उत्तम लागली. मशीन खराब झालं याचं मला अतोनात दुःख आहे. शोकेसमध्ये ठेवता येईल. हळूहळू गाडीसाठी जागा करावी. बायकोचीही सोय बघायला हवी, मी काही राक्षस नाही.

१६ ऑक्टोबर

अनर्थ. ओरेस्टचा फोन. म्हणाला, मर्व्ह, रात्रभर विचार केला, लोखंड भरपूर शिल्लक आहे. मी पुन्हा स्क्रेप करतो. आयुष्यभर दुसरं काय केलं? यात निदान रुग्ण ओरडत नाही.

म्हटलं, अरे, तुझं वय काय, तुझी पाठ काय. तर म्हणाला, मित्रासाठी एवढं नाही करायचं? आणि तासाभरात येऊन बेड घेऊन गेला.

असे मित्र.

८ नोव्हेंबर

उणे अकरा. ओरेस्टकडे जाऊन प्रगती बघितली. माणूस झपाटल्यासारखा काम करतोय. म्हटलं, घाई नको, कलेला वेळ द्यावा. त्यानं वर बघितलंही नाही.

१९ नोव्हेंबर

उणे एकोणीस. बेड तयार. सिरिलपेक्षा किंचित बरा, असं ओरेस्ट स्वतःच म्हणतो. मी निदर्शनास आणलं की मोटर इंग्लंडची आहे, आपली वीज वेगळी, त्यासाठी जर्मनीहून एक यंत्र मागवावं लागेल, वसंतापर्यंत येईल. ओरेस्टनं संध्याकाळी आपल्या जुन्या दवाखान्यातली मोटर आणून बसवली. पट्टा आणला. चष्मा आणला. जाताना विचारतो, अजून काही उरलंय का सांग.

रात्रभर विचार केला. काही उरलेलं नाही.

२७ नोव्हेंबर

उणे सव्वीस. खिडकीबाहेरचं थर्मामीटर चुकीचं दाखवतंय असं वाटतं. पोलंडहून चांगलं मागवू का?

३ डिसेंबर, सकाळ

उणे एकतीस.

आर्डिथ कामावर निघायच्या आधी जाडजूड पार्का कोट घालून गॅरेजमध्ये आली. ओरेस्टही आला, तिनंच बोलावलं होतं. चकमध्ये पितळेचा तुकडा लावलेला, हत्यार लावलेलं, तेल दिलेलं. फक्त हिरवं बटण दाबायचं होतं.

मी घड्याळ काढलं. अंगठी काढली. टाय काढला, मग स्वेटर, मग शर्ट. बनियनवर उभा राहिलो. हात बटणापर्यंत नेला. मग स्वेटरच्या बाहीची ती फाइल आठवली. तिच्यातल्या माणसाचीसुद्धा थिअरी पक्की होती, कामाला लागून वीस वर्षं झाली होती त्याला. मी म्हटलं, तेल अजून गरम झालेलं नाही. मी म्हटलं, मोटरचा आवाज कसा येतोय बघा. ओरेस्ट म्हणाला, मर्व्ह, ती बंद आहे.

आर्डिथनं विचारलं, तुला भीती वाटते का?

मी नाही म्हटलं.

तिनं पुन्हा विचारलं. रागानं नाही. मी हो म्हटलं. खूप वाटते, म्हटलं. हे मशीन घेतलं तेव्हापासून वाटते, त्याआधी चक घेतले तेव्हाही वाटत होती, म्हणून तर चक घेत होतो. एवढं बोलून मी किचनमध्ये आलो. कसा आलो ते आठवत नाही.

मग गॅरेजमधून गुणगुण ऐकू आली. शिलाई मशीनसारखी, बारीक. माझ्या अंगावर काटा आला. ओरेस्टचा आवाज येत होता: सावकाश, वहिनी, हत्यार आपोआप कापतं, त्याला ढकलू नका, वा! थोड्या वेळानं आर्डिथ आत आली आणि पितळेचं एक गोल बूच माझ्या तळहातावर ठेवलं. अजून कोमट होतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण मी तिचा असा चेहरा पाहिला नव्हता. ती आयुष्यात पहिल्यांदा कामावर उशिरा गेली.

३ डिसेंबर, दुपार

शांतपणे विचार केला. पारा पहिल्यांदा उणे तीसला गेला त्याच सकाळी मशीनवर वस्तू बनली, हे कोणालाही नाकारता येणार नाही. करारात ती कोणी बनवायची याचा उल्लेख नव्हता. मी विमा कंपनीत उगाच नव्हतो. गॅरेज राहिलं!

३ डिसेंबर, संध्याकाळ

आर्डिथला हे सांगितलं. ती म्हणाली, बरोबर आहे. गाडी बाहेरच राहू दे. गॅरेज मला लागणार आहे.

१० जानेवारी

आर्डिथ रोज कामावरून आली की मशीनवर. हॉस्पिटलच्या किचनमधल्या ट्रॉल्यांची मोडकी चाकं दुरुस्त करून झाली. क्लबमध्ये ओरेस्टनं तिला माझ्या खुर्चीवर बसवलं. माझ्या जर्मन चकांचे कागद तिनं एका दुपारी सगळे फाडले आणि म्हणाली, मर्विन, खरेदी मात्र तू उत्तम केलीस. खरेदी खातं माझ्याकडेच राहील असं ठरलं आहे.

ती काम करते तेव्हा मी किचनमध्ये बसतो. गुणगुण चालू असली की घाबरतो. थांबली की जास्त घाबरतो. थांबली की हाक मारतो, आणि ती आतून ओरडते, जिवंत आहे!

२४ जानेवारी

आज गुणगुण चालू होती आणि मध्येच वेगळा, किरकिरता आवाज आला. हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाही. मी पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून होतो, तसाच धावलो. दार ढकललं, सरळ मशीनपाशी गेलो आणि लाल बटणावर हात मारला.

आर्डिथच्या कानावर आवाज बंद करणारे हेडफोन होते. तिला माझी एकही हाक ऐकू गेली नव्हती. ती किरकिर शेवटच्या, सफाईच्या कटाची होती, मधेच मशीन थांबल्यामुळे घडवत असलेल्या तुकड्यावर गोल चरा पडला. दोन दिवसांचं काम होतं. तिनं हेडफोन काढले, तुकडा बघितला, मग मला बघितलं. माझे दात वाजत होते. तिनं चष्मा काढला, मला खोक्यावर बसवलं आणि माझ्या स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडून दिल्या. मग म्हणाली, जा, चहा टाक. आणि पुन्हा आत यायचं नाही.

आता दारावर माझ्या नावाची पाटी आहे, प्रवेश बंद म्हणून. हरकत नाही, बाहेर खुर्ची टाकली आहे, इथून नीट ऐकू येतं.

नोंद असावी म्हणून लिहून ठेवतो: आज मी लेथ मशीन चालवलं. म्हणजे बंद केलं.