डाव्या गुडघ्यांचं गाव

चि. हारुएस,
थोरल्या बहिणीचे पोटभर आशीर्वाद. तुझी पाठ काय म्हणते? इकडे थंडी पडली, मुळे लोणच्यात पडले, मी अजून पडलेले नाही. (अक्षर मोठं आलंय, कागदच मोठा मिळाला.)

आनंदाची बातमी म्हणजे आपले नवे डॉक्टर, इनागाकी, बेटावरच राहणार. आधीचे डॉक्टर आमच्या खोकल्यांना कंटाळून वर्षात पळाले, तुला ठाऊकच आहे. म्हणून या खेपेला नवे यायच्या आधीच घरोघर फिरणाऱ्या गावच्या सूचनांच्या पाटीवर ठरलं, डॉक्टरांना कुणी त्रास द्यायचा नाही. सगळ्यांनी होकाराचे शिक्के मारले आणि गाव ठणठणीत झालं. शेजारच्या गेन्जोने बोटात घुसलेला गळ घरीच चिमट्याने काढला आणि दवाखान्यासमोरून शीळ घालत गेला. मुळे, मासे मात्र आम्ही डॉक्टरांच्या दारात गुपचूप ठेवायचो (दार वाजवलं तर त्यांना उठावं लागेल ना).

दोन महिन्यांत डॉक्टर वाळले गं, आपल्या नातवाच्या वयाचं पोरगं ते. मासे ठेवताना मला पकडून म्हणाले, "आजी, इथली माणसं फार थंड आहेत. माझ्यावर कुणाचा भरवसाच नाही. मार्चमध्ये जातो परत."

मी म्हटलं, "अहो, गाव थंड नाही, तुम्हाला काम नाही. रिकाम्या माणसाला समुद्रही खारट लागतो." (तो खारटच आहे, पण सुचलं ते बोलले.)

मग मीच दुसरी पाटी काढायला लावली. रोज एका घराने आजारी पडायचं, आजार नावापुढे लिहायचा. पहिलं घर गावप्रमुख होरिउचींचं. त्यांनी लिहिलं, डावा गुडघा. आता गावप्रमुखांपेक्षा मोठा आजार कोण लिहिणार? उद्धटपणा दिसतो. उजवा लिहावा तर विरोधात गेल्यासारखं. आठवड्यात सात डावे गुडघे झाले. आठवी मी.

डॉक्टरांनी गुडघा दाबला आणि म्हणाले, "आजी, पाटी फिरत फिरत शेवटी माझ्याच घरी येते. मीही वाचून शिक्का मारलाय." आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. आता खरे आजारी जातात, डॉक्टर जेवायला वेळ नाही म्हणतात आणि असं मायाळू गाव पाहिलं नाही असंही म्हणतात. गाव तेच, मुळे तेच.

तुझी,
शिगेनो

ता.क. राहायला त्यांची एक अट आहे. गुडघा दाखवायला गेले त्या दिवशी खुर्ची समजून मी त्यांच्या मुळ्यांच्या टोपलीत बसले. त्यांनी लगेच डोळे तपासले, दोन्हींत मोतीबिंदू निघाला. मी तुझ्या ओसाकाला जाऊन तो काढून आले तर राहतील, नाहीतर मार्चची बोट. गावाने पाटी फिरवली, सगळ्यांचे शिक्के पडलेत, आता मला नाही म्हणता येत नाही. पंधरा दिवस तुझ्याकडे येते.

ता.ता.क. कागद नेहमीचाच आहे.