बोल्टवरचे तीन आकडे

ग्रानविक, १२ नोव्हेंबर १९८६

प्रिय अल्गोतदादा,
स. न. वि. वि.

गावभर लोकांची पत्रं वाटत फिरते, पण सख्ख्या भावाला चार ओळी लिहायला हिला महिना पुरत नाही, असा टोमणा एवाल्डने काल मारला. म्हणून आज टपालाची गाडी दारात लावली आणि टोपीसुद्धा न काढता लिहायला बसले.

इथे बर्फ पडला आणि टिकला. एवाल्डची कंबर बरी आहे. रोज जेवण झालं की तळघरात उतरतो आणि काडतुसं भरत बसतो. बंदुकीच्या दारूचा कण न् कण काट्यावर तोलतो. माझ्या कॉफीत साखर कधी इतकी मोजून घातली नाहीस, असं मी म्हटलं, तर म्हणाला की कॉफी तोंडावर फुटत नाही.

आता कामाचं. चौदा फेब्रुवारीला तो साठ वर्षांचा होतोय. त्याच्या मनात काय आहे ते तुला माहीतच आहे. अठराशे शहाण्णवच्या नमुन्याची जुनी लष्करी रायफल हवी, आणि तीही नळी, तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट, दस्ता, सगळ्यांवर एकच नंबर असलेली. त्याच्याजवळच्या दोन्ही इकडचे तिकडचे भाग जोडलेल्या आहेत, आणि नेमबाजी मंडळात हिल्डिंग त्यावरून त्याला चिडवतो. तू उभा जन्म बंदुकीच्या कारखान्यात आकडे ठोकण्यात घालवलास. तुला नाही मिळाली तर कोणाला मिळणार? पण मिळाली तर तुझ्या डोळ्यांखालून गेलेलीच पाठव.

तब्येत सांभाळ. एकट्यासाठी कशाला रांधायचं म्हणून डबे उघडून खाऊ नकोस. लोभ आहेच, तो पत्रातूनही दिसू दे.

तुझी,
सिग्ने

•

एस्किल्स्तुना, १८ जानेवारी १९८७

चि. सौ. सिग्नेस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मिळाली! एका वारलेल्या सार्जंटच्या घरी माळ्यावर गुंडाळून ठेवलेली होती. १८९९ सालची, अक्रोडाचा दस्ता, नळी आतून आरशासारखी. नंबराचे शेवटचे तीन आकडे ७४६, आणि ते जिथे जिथे असायला हवेत तिथे तिथे आहेत. बोल्टवरसुद्धा. माझ्या संग्रहात अकरा रायफली आहेत, पण हिच्यासारखी एकही नाही, हे एवाल्डला मुद्दाम सांग. जळू दे थोडा.

गुपित राहणार नाही, कारण पोलिसांच्या परवान्याच्या अर्जावर त्याची सही लागेल. पण त्याचं तोंड कसं होतं ते नीट बघून मला कळव. लष्करात असताना आम्हा दोघांना पहिल्यांदा रायफल हातात दिली, तेव्हा त्याचं तोंड लहान पोरासारखं झालं होतं. त्याच वर्षी मी त्याला सुट्टीत घरी आणला आणि तू त्याच्या ताटात मासा वाढलास. पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

उत्तराची वाट बघतो. मायेत खंड नसावा.

तुझा दादा,
अल्गोत

•

ग्रानविक, ८ मार्च १९८७

मित्रा अल्गोत, सप्रेम नमस्कार.

मी पत्रं लिहीत नाही हे तुला ठाऊक आहे. पण हे मीच लिहिलं पाहिजे असं सिग्ने म्हणाली, आणि खरं म्हणजे मलाही तसंच वाटलं.

परवाना गुरुवारी आला. तेव्हापासून रायफल स्वयंपाकघरातल्या टेबलावरच आहे आणि आम्ही वाटाण्याचं सूप उभ्यानं प्यायलो. हिल्डिंग येऊन भिंग लावून सगळे आकडे बघून गेला. एकदाही तोंड उघडलं नाही. साठ वर्षांत मला याहून मोठं बक्षीस मिळालेलं नाही.

बोल्ट मिटल्यावर काडतुसाच्या मागे किती जागा मोकळी राहते ते मोजायचं पोलादी माप माझ्याकडे आहे. हिल्डिंग म्हणाला, एकदा घालून बघ. मी म्हटलं, बोल्ट आणि नळी अठ्ठ्याऐंशी वर्षं एकत्र नांदलीत आणि अल्गोतच्या हातून तपासून आलीत. मी माप घालणं म्हणजे त्याचा अपमान. मंडळाची पहिली स्पर्धा दहा मेला आहे. पहिला बार तुझ्या नावाचा.

तुझा,
एवाल्ड

•

ग्रानविक, १९ मे १९८७

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

फोनवर मला बोलता आलं नाही, म्हणून लिहिते.

दहा तारखेला रविवारी सकाळी ऊन चांगलं होतं. एवाल्डने चष्मा काढून खिशात ठेवला, कारण चष्म्यातून नळीच्या टोकावरची नेमाची माशी त्याला दुहेरी दिसते. चार बार छान गेले. पाचव्याला आवाज वेगळाच आला असं सगळे सांगतात, फळी मोडावी तसा. काडतुसाची पुंगळी बुडाशी फाटली आणि जळता वायू नि पितळेच्या बारीक चिरफळ्या बोल्टच्या बाजूने मागे आल्या, सरळ त्याच्या उजव्या डोळ्यात. तो ओरडला नाही. रायफल मोकळी केली, खाली ठेवली, आणि माझ्या बायकोला कोणीतरी हळू सांगा, असं म्हणाला.

त्या डोळ्याला आता काही दिसत नाही. डॉक्टर डोळा काढून टाकावा म्हणत होते, पण एवाल्डने ऐकलं नाही. दिसत नसला तरी माझाच आहे, राहू दे, म्हणाला. मीही जोर धरला नाही.

दादा, तू एकदा येऊन जा. तो तुझ्याबद्दल विचारत नाही, पण दारावर कोणी आलं की मान वळवतो.

तुझी,
सिग्ने

•

एस्किल्स्तुना, २७ मे १९८७

चि. सौ. सिग्नेस,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. लगेच निघालो असतो, पण छातीत कफ झाला आहे आणि एवढा प्रवास झेपेलसं वाटत नाही.

एवाल्डला सांग, मन खचू देऊ नकोस. एक विचारायचं म्हणून विचारतो. त्याचा दारूचा काटा किती वर्षांचा आहे? तळघरातल्या ओलीने काटे बिघडतात. चुकून दारू जास्त पडली असेल. माणसाच्या हातून होतं असं, त्यात त्याला दोष कोण देणार?

त्याला जप. लोभ कमी होऊ देऊ नकोस.

दादा

•

ग्रानविक, २ ऑगस्ट १९८७

प्रिय दादा,
स. न. वि. वि.

तुझं ते पत्र एवाल्डने स्वतः वाचलं, घडी घातली आणि शर्टाच्या खिशात ठेवलं. नंतर तळघरात जाऊन उरलेली सगळी काडतुसं फोडून एकेकातली दारू पुन्हा तोलत बसला. मी मोजलं, चार दिवस बसला होता. सगळी बरोबर निघाली, तरी जे फुटलं तेवढं एकच चुकीचं भरलं गेलं असेल, असं मंडळाचं म्हणणं. जूनच्या सभेत त्यांनी ठरवलं की दारू जास्त भरली गेली, निष्काळजीपणा झाला, आणि शेजारी झोपून नेम धरणाऱ्यांचाही जीव त्याने धोक्यात घातला. त्याला मंडळातून काढलं. त्याने तोंडातून शब्द काढला नाही. मी भांडायला निघाले तर मला हात धरून बसवलं.

आता पत्रं वाटायला जाते तेव्हा लोक खिडकीतून बघतात आणि गाडी पुढे गेल्यावर पेटीपाशी येतात. पूर्वी हीच माणसं मला थांबवून ठेवायची.

आणि खरं वाईट अजून सांगितलंच नाही. जुलैच्या सुरुवातीला डाव्या डोळ्यापुढे धुकं यायला लागलं. एक डोळा जखमी झाला की कधीकधी दुसराही सुजून जातो, आणि म्हणूनच आम्ही तो काढायला सांगत होतो, असं डॉक्टर म्हणाले. औषधं चालू आहेत. पण आज सकाळी त्याने लोण्याच्या भांड्यात चमचा घालून कॉफीत ढवळला. मी बघितलं नाही असं दाखवलं.

कफ उतरला असेल तर ये. नसेल उतरला तरी ये.

सिग्ने

•

एस्किल्स्तुना, २० ऑगस्ट १९८७

प्रिय एवाल्ड,

हे पत्र तुझ्या एकट्यासाठी आहे.

तुझा काटा बरोबर होता. तुझे हातही बरोबर होते. त्या रायफलीला मूळचा बोल्टच नव्हता. सार्जंटच्या बायकोने ती मला दिली तेव्हाच नव्हता. दोन महिने शोधूनही पूर्ण जुळणारी दुसरी मिळेना, आणि माझ्याकडून काम झालं नाही असं सिग्नेला लिहिणं माझ्या जिवावर आलं. माझ्या खणात मोडीतला एक बोल्ट होता. त्याच्यावरचा आकडा दगडाने घासून काढला. निवृत्त होताना कारखान्यातून मी जुने ठसे घरी आणले होते. त्यातल्याच ठशांनी ७, ४, ६ ठोकले. काम इतकं सफाईचं झालं की मी स्वतःवर खूष होऊन दिवसभर टेबलापाशी घुटमळत होतो.

मग माप घालून बघितलं. माप आत असताना बोल्ट मिटायला नको होता, पण मिटला. काडतुसाच्या मागे जागा जास्त राहत होती, पुंगळी फाटू शकते, हे मला त्या क्षणी कळलं. एवाल्ड जपून दारू भरतो, चालून जाईल, असं मनाशी म्हणालो आणि तेलाचं फडकं फिरवून रायफल बांधून टाकली.

कफबिफ काही झाला नव्हता. काट्याचं लिहिलं ते जाणूनबुजून लिहिलं. तो दोष तू स्वतःकडे घेशील हे मला माहीत होतं, कारण चाळीस वर्षं मी तुला ओळखतो.

माफी कशी मागतात ते मला येत नाही. सिग्नेला कधी सांगायचं ते तू ठरव.

अल्गोत

•

ग्रानविक, ३० ऑगस्ट १९८७

अल्गोत,

तुझं पत्र मीच पेटीतून काढलं आणि मीच त्याला वाचून दाखवलं, कारण एवाल्डला आता अक्षर दिसत नाही. त्याच्या एकट्यासाठी म्हणून लिहिलंस, पण तो एकटा वाचू शकत नाही, हे तुला माझ्या मागच्या पत्रातून कळायला हवं होतं. पहिली ओळ वाचून मी थांबले, तर तुझ्याच भावाचं गुपित आहे, तूच वाच, असं म्हणून एवाल्ड हसला. पातळ भाकरीवर लोणी लावत मी वाचत होते. घासून काढला, इथे मी सुरी खाली ठेवली. तो म्हणाला, पुढे वाच. माप घातलं, तिथे मी पुन्हा थांबले. तो म्हणाला, तेही वाच, सिग्ने, शेवटपर्यंत वाच.

त्याला माहीत होतं. दवाखान्यातून आल्यावर आठव्या दिवशी त्याने चांगल्या डोळ्याला भिंग लावून बोल्ट बघितला होता. चारच्या खाली जुन्या आकड्याची पुसट रेघ दिसली, आणि ठोका कोणाच्या हातचा ते त्याने ओळखलं. मी किंचाळले त्याच्यावर. मंडळात का नाही बोललास, मला का नाही सांगितलंस? तर म्हणाला की मी सांगितलं असतं तर अल्गोत पकडला गेला असता. त्याने आपण होऊन सांगितलं असतं तर तो माझा मित्र राहिला असता. म्हणून वाट बघत होतो. पत्र येईल येईल म्हणताना काट्याचं पत्र आलं. डोळ्याचं दुःख नाही, सिग्ने, ते पत्र खिशात घेऊन फिरलो त्याचं आहे, असं म्हणाला आणि मग पहिल्यांदा रडला. त्या डोळ्यांनी रडायला त्रास होतो.

त्याचा निरोप असा की मंडळाला तू तुझ्या अक्षरात लिही. मी काही सांगत नाही.

सिग्ने

•

एस्किल्स्तुना, ११ ऑक्टोबर १९८७

सिग्ने,

मंडळाला पत्र रजिस्टर करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी ठसे पिशवीत घालून पोलीस चौकीत गेलो. त्यांनी अकराही रायफली नेल्या, आणि खटला होईल असं सांगितलं. आणखी दोन रायफलींवर मी असंच ठोकलं होतं आणि त्या दोन ओळखीच्यांना दिल्या होत्या. त्या दोघांनाही कळवलं, बार काढू नका म्हणून. एकाचं उत्तर आलं. त्याने गेल्या वर्षभरात मुलीला तिच्यावर नेमबाजी शिकवली होती. काही झालं नाही. मी ते पत्र हातात धरून जिन्यावर बसलो.

डाव्या डोळ्याचं काय झालं? एक ओळ लिही.

अल्गोत

•

ग्रानविक, २९ नोव्हेंबर १९८७

अल्गोत,

डावाही गेला. उजेड आहे की अंधार, एवढंच कळतं.

हिल्डिंगने तुझं पत्र सभेत उभं राहून वाचलं. दुसऱ्या दिवशी तो आणि आणखी चौघं आले, टोप्या हातात घेऊन ओट्यावर उभे राहिले. एवाल्डने त्यांना आत बोलावून कॉफी द्यायला लावली. सभासदत्व परत दिलं. त्याचं तो काय करणार ते कोणी बोललं नाही. सप्टेंबरात गावातले सगळे मूस हरणांच्या शिकारीला गेले, तेव्हा तो अंगणात खुर्ची टाकून लांबचे बार मोजत बसला होता आणि कोणता कोणाचा ते मला सांगत होता.

नाताळात तू यावंस असं त्याचं म्हणणं आहे. मी त्याला चार दिवस नाही म्हटलं. माझा मित्र आहे, मी बोलावतोय, तुझा भाऊ म्हणून नको येऊ दे, असं म्हणाला. म्हणून लिहिते. तुझी खोली तापवून ठेवीन, जेवायला वाढीन. मी तुला माफ केलेलं नाही, आणि त्याने केलं म्हणून मीही करावं असं त्याने मला सांगितलेलं नाही. जेवताना माझ्याकडे बघून काही विचारू नकोस.

एक सांगून ठेवते. तू आत आलास की तो उठून हसेल आणि आवाजाच्या रोखाने तोंड करेल, पण त्याचा अंदाज अजून बसलेला नाही, त्यामुळे तो तुझ्या थोडं डावीकडे बघत राहील. तुला वाटेल की आपणच सरकून त्याच्या समोर उभं राहावं. सगळे तसंच करतात, मीही करते. तू सरकू नकोस. उभा असशील तिथेच उभा राहा आणि त्याचं बोलणं पुरं होईपर्यंत बघ.

सिग्ने