बिनफितीची पिशवी

सोमवार, ४ मार्च. सकाळी साडेनऊ.
बरोबर साडेनऊला, म्हणजे त्यांनीच सांगितलेल्या वेळेला, मी प्रशिक्षण केंद्राच्या फाटकावर हजर होते आणि फाटक उघडायला कोणी नव्हतं. पण पहिल्याच दिवशी भांडणार नाही असं धाकट्या बहिणीला कबूल केलंय, म्हणून गप्प बसले. निवृत्त मुख्याध्यापिकेला गप्प बसणं किती जड जातं ते तिला काय ठाऊक!

काम मात्र झकास आहे. अग्निशमन दल, पोलीस आणि ॲम्ब्युलन्सच्या माणसांना इथे शिकवतात की कुठे स्फोटकाचा संशय आला तर काय करायचं आणि, त्याहून महत्त्वाचं, काय करायचं नाही. त्यासाठी खोटा रस्ता उभारलाय. माल नसलेलं दुकान, बस न येणारा थांबा, आणि टोकाला माझं घर: एक स्वयंपाकघर, गादीवर झालरीची खोळ घातलेली खुर्ची, काच नसलेली खिडकी. सरावात माझी भूमिका, घर सोडायला तयार नसलेली हट्टी म्हातारी. धाकटी म्हणाली, जन्मभर केलंस तेच करायला बोलावलंय की!

शिकवणारे एकच गृहस्थ, त्यांना सगळे उस्ताद म्हणतात. बॉम्बशोधक पथकात होते, डाव्या हाताला दोन बोटं नाहीत. फार हळू बोलतात. इतक्या हळू बोलणाऱ्या माणसांवर माझा पहिल्यापासून विश्वास नाही. पण चहा चांगला होता.

मंगळवार, ५ मार्च.
आज धडा ऐकला. बेवारस वस्तूला हात लावायचा नाही. लोकांना लांब न्यायचं, आपणही लांब जायचं. आणि जवळपास मोबाइल किंवा वॉकीटॉकी वापरायचा नाही, कारण त्याच्या लहरींनी काही स्फोटकं उडू शकतात. आम्हां सगळ्यांचे मोबाइल फाटकावरच काढून घेतात. सरावाच्या पिशव्यांना बंदावर पिवळी फीत बांधलेली असते, म्हणजे घोटाळा नको.

इथवर ठीक. पण दुपारी ॲम्ब्युलन्सवरची नर्स माझ्या स्वयंपाकघरात शिरली ती वॉकीटॉकीवर बडबडतच, आणि पिशवी तिच्या पायाशी. मी तिला वर्गात उभं करतात तशी उभी केली. ती हसून म्हणाली की मावशी, सरावात चालतं, उस्ताद आमचे गुण त्याच्यावरच सांगतात, ऐकू नको का यायला?

चालतं? हाताला जी सवय लागते ती खऱ्या दिवशी सुटत नाही, हे मी पहिलीच्या मुलांना पेन्सिल धरायला शिकवताना शिकले. उस्तादांना जाऊन विचारलं. ते म्हणाले, इतकी वर्षं असंच चाललंय. सुधारणा टाळणाऱ्या प्रत्येक माणसाकडून मी हेच वाक्य ऐकलंय. आमच्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर म्हणायच्या की तक्रार तोंडी केली तर ती कुरकुर असते. म्हणून लेखी दिली. शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत लेखी उत्तर हवं, नाहीतर वर कळवीन. कागद घेताना ते हसले. फक्त ओठांनी.

बुधवार, ६ मार्च.
माझ्या घराच्या कुंपणाशी एक काळी रेक्झिनची पिशवी होती. सरावात ती कोणालाच सापडली नाही, कारण शोधायच्या पिशव्या दुकानात होत्या. दुपारी बघते तर ती पायरीवर. उस्ताद म्हणाले, आपलीच असेल.

असेल? इथे कुठली पिशवी कुठे ठेवायची हे ठरवणारे तेच!

जाताना त्यांच्या खोलीत डोकावले. काचेच्या कपाटात त्यांनी निकामी केलेल्या खऱ्या वस्तू मांडल्या आहेत. मधल्या फळीवर धूळ, आणि धुळीत एक चौकोन स्वच्छ. काल तिथे काहीतरी होतं. विचारलं, तर म्हणाले पुसायला काढलंय. धूळ तशीच ठेवून वस्तू पुसतात?

गुरुवार, ७ मार्च.
पिशवी आत आली. शेगडीच्या बाजूला. हात लावला नाही, वाकून पाहिलं. बंदाला फीत नाही.

उस्तादांना सांगितलं. पिशवी कोणाची तेही विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, भीती वाटली का? हो म्हटलं. त्यांनी समाधान झाल्यासारखी मान हलवली. मग म्हणाले की घाबरलेलं माणूस कसं असतं ते या पोरांनी कधी पाहिलेलंच नाही.

नर्स चहाच्या वेळी कौतुकाने म्हणाली, मावशी, उद्या तुमचीच मुख्य भूमिका! उस्तादांनी त्यांना सांगितलंय की म्हातारी उद्या फार ओरडेल, हे खरं आहे म्हणेल, तुम्ही फसू नका. आत मात्र एकट्या नर्सनेच यायचं आहे.

मला कोणी काही सांगितलेलं नाही.

धाकटी म्हणते जाऊ नकोस. पण उत्तर घ्यायचंय. आणि ती पोरगी उद्या त्या स्वयंपाकघरात येणार.

शुक्रवार, ८ मार्च. दुपार.
शेगडीपाशी पिशवी नाही. कुठेच नाही. जीव भांड्यात पडला. खुर्चीत बसले.

खालून टक् असा आवाज झाला.

झालर उचलून पाहिलं. काळी पिशवी. तिच्यातून वायर वर, गादीत. फीत नाही. उठायचं नाही, वजन हलवायचं नाही — हेही त्यांनीच शिकवलंय.

ओरडले. खरं आहे म्हणून ओरडले. रस्त्यावर बांधलेल्या दोरीपलीकडे पोरांच्या टाळ्या पडल्या.

पर्समध्ये ही रोजनिशी आहे, म्हणून लिहिते. हात तेवढा हलतोय.

उस्तादांची गाडी रोज या खिडकीसमोर असते. आज नाही. आवाज मात्र येतोय, लांबून, सगळ्यांच्या वॉकीटॉकीतून. म्हातारी उत्तम करते आहे म्हणे.

मागच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहून बसल्या जागेवरून खिडकीकडे धरलं. लांब जा. एकाने अंगठा दाखवला. शाब्बास म्हणून.

उस्ताद, माझं उत्तर राहिलंय. आज पाचच्या आत, लेखी, सहीनिशी. ही पिशवी तुम्ही ठेवली का? तुमची असेल तर आत काय आहे? तुमची नसेल तर —

नर्स निघाली. एकटीच. हसते आहे. हातात वॉकीटॉकी.

मान हलवते आहे मी. नको म्हणते आहे. तिला वाटतंय मी —

पायरीवर आली. गुण विचारायला तोंडाशी धरते आहे. पोरी, बटण दाबू न