चतुर्थीची सुई

१ मार्च १९७५, राजूर
चतुर्थी. दवाखान्यात सकाळपासून गुडघेच गुडघे. गणपतीचं दर्शन आणि सुई, लोक एकाच फेरीत उरकतात. चतुर्थी दर महिन्याला, म्हणून गुडघ्यात हायड्रोकॉर्टिसोनची सुई पण दर महिन्याला. असला कोर्स कुठल्या पुस्तकात न्हाई.
आक्का आल्ती. थोरली बहीण, पण रांगेत बसते. "भाऊ डॉक्टर हाय म्हणून पुढं घुसू का?" उजवा गुडघा, सहावी सुई. तीन कोस चालत गावाकडं गेली. बघून बरं वाटलं.

९ मार्च
औषधं आणायला औरंगाबादला गेल्तो. कॉलेजातले जुने सर भेटले. आक्काचं कौतुकानं सांगितलं, शाबासकीच्या आशेनं.
"वर्षात सहा?"
"न्हाई सर, सहा महिन्यांत."
सर मंग म्हणाले, हाडाच्या टोकाला जी गुळगुळीत गादी असते, ती राखणाऱ्या पेशी ह्या औषधानं थंड पडतात. सूज जाते, ठणका जातो, पण गादीची डागडुजी बंद. दुखत न्हाई म्हणून बाई ओझं उचलते, गादी झिजत जाते. गेलेली परत येत न्हाई. "आधी गुडघ्याचा एक्स-रे फोटो काढ तिचा."
एसटीत स्वतःला शिव्या देत आलो. सहा महिन्यांत एकदा तरी पुस्तक उघडायचं होतं, गाढवा.

१५ मार्च
नवीन जालन्यात आक्काचा फोटो काढला. दोन हाडांमधली गादीची फट आतल्या बाजूला उरलीच न्हाई. हाडाला हाड.
तिनं फोटो उजेडात धरला. "माझंच हाय का हे? चांगलं गोरं दिसतंय की!"
एसटीत सगळं सांगितलं.
"दुखत नव्हतं म्हणजे बरंच झाल्तं ना रे?"
"न्हाई आक्का. आतून खराब होत होतं. मला ठाऊक नव्हतं."
तिनं फोटो पिशवीत सरकवला. मंग, "असू दे. सहा महिने चालले तर खरी." शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

३१ मार्च
काल चतुर्थी. सगळ्यांना न्हाई म्हणालो. "डॉक्टरसाहेब, औषध संपलं का?" समजावून समजावून घसा बसला. दुपारपर्यंत निम्मे लोक भोकरदनच्या गाडीत बसले. तिथला एकजण पंधरा दिवसाला टोचतो म्हणे. मंग मी कुणाचं काय वाचवलं?
आक्का आली न्हाई.

७ एप्रिल
आक्काच्या गावी गेलो. भिंत धरून चालून राह्यली. गोळ्या दिल्या, शेक सांगितला, काठी नेल्ती ती दिली. "काठी? आधी जावई येऊ दे घरात, मंग म्हातारी कर मला!" पोरीचं लग्न ठरलंय, पुढच्या महिन्यात. दाजी दारापर्यंत सोडायला आले. हळूच म्हणाले, "तुमचीच एक सुई द्या की."

२८ एप्रिल
चतुर्थी. आक्का बैलगाडीतून आली, देवळात न जाता सरळ इकडं. आज रांगेत पण बसली न्हाई.
"उजव्याचं सोड. गेला तो." लुगडं वर केलं. डावा सुजलाय. सगळा भार त्याच्यावरच पडला, पडणारच. "ह्याला तर तू अजून हात लावला न्हाईस ना? मंग ह्यात दे."
"आक्का, अगं..."
"लग्न आठ दिवसांवर हाय. अक्षता पडेस्तवर उभी राहू दे मला. एकच दे. परत मागणार न्हाई, तुझी शपथ."
एकीनं काही बिघडत न्हाई, हे मलाही माहीत हाय. उजव्यातली पहिली पण एकच होती.
आत येऊन हे लिहून राह्यलो. ती बाहेर बाकावर, डावा गुडघा उघडा ठेवून बसलीय. माझे हात धुऊन झालेत.