शांततेला सरकारी शाबासकी

ती. ताईस,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार (गुडघा धरलाय, तेव्हा आठातली दोन अंगं कमी धर). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा खोकला थांबला, की अजून ते तालात खोकतात? मी बरा आहे. म्हणजे विचारायला कुणी येत नाही, म्हणून बरा आहे असं मीच ठरवून टाकलंय. नऊ वर्षांत एक ओळ नाही आणि आज एकदम चार पानं कशी, असं तुझ्या मनात येईल. त्याला कारण सरकार आहे.

झालं असं की, आपल्या भाषेतली गाणी ध्वनिमुद्रित करणाऱ्या उद्योगांना प्रोत्साहन द्यायचं सरकारने मनावर घेतलंय. नवीन यंत्रं, खोलीची डागडुजी, सगळ्याला मदत. आता तू म्हणशील, तुझा कसला आलाय उद्योग? बाबांची ती मागची खोली, आणि भिंतींना आपण दोघांनी ठोकलेल्या जुन्या गाद्या. वर्षभरात तिथे एका दंतवैद्याची जाहिरात आणि एका लिफ्टसाठी ‘दरवाजा बंद होत आहे’ एवढंच मुद्रित झालं (आवाज माझाच. कुठे लिफ्टमध्ये चढलीस तर कान दे). तरी अर्ज आणला. त्यात पहिलाच प्रश्न, उद्योगात माणसं किती? मी प्रामाणिकपणे ‘एक’ लिहिलं. खिडकीवरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, “अहो काका, एकट्याने केलं तर त्याला छंद म्हणतात. निदान दोन तरी माणसं दाखवा.” घरी येऊन मी खरोखर घरभर नजर फिरवली. मांजर आहे, पण तिला सही येत नाही, आणि ती निम्मी शेजाऱ्यांची आहे.

मग मुद्रणाचा ताजा नमुना जोडायचा होता. तुला आठवत असेल, गाणं सुरू करण्याआधी आपण सगळ्यांना गप्प बसवून नुसत्या खोलीचा आवाज दोन मिनिटं घेऊन ठेवायचो, मागाहून जोडकामाला लागतो म्हणून. माझी ती सवय सुटलेली नाही. गायला कुणी येवो न येवो, रोज सकाळी मी खोली मुद्रित करतो (तेवढंच काम, काय करणार). गडबडीत दंतवैद्याच्या जाहिरातीऐवजी त्या रिकाम्या खोलीचीच एक टेप पाठवली गेली. लक्षात आलं तेव्हा डोक्याला हात लावला. पण पंधरवड्यात कार्यालयाचं पत्र आलं: नमुना ऐकला, कसलाही व्यत्यय नाही, दर्जा उत्कृष्ट. खाली शिक्का. ताई, मी ते चौकटीत घालून लावलंय. आपल्या घरात किती शांतता आहे यावर सरकारचं लेखी मत असणं, हे भाग्य कितीजणांना लाभतं! मी पोट धरून हसलो. त्या गाद्यांनी हसणंही शोषून घेतलं, तेव्हा मात्र फार एकटं वाटलं.

शेवटची अट म्हणजे अनुभवाचा पुरावा म्हणून एक जुनं मुद्रण. त्यासाठी तुझी टेप काढली. तीच, शेवटची. तू हेडफोन काढून मेजावर ठेवलेस तिथपर्यंत सगळं तीत आहे. आधी तू पेटीवर सूर घेतेस, मग आपण मुद्रित करून ठेवलेली साथ सुरू होते, आणि तू म्हणतेस, “अरे, साथ खाली वाजतेय.” त्यावर मी, कोरसमधल्या सगळ्या बायकांसमोर, “यंत्र चुकत नाही, ताई. वयानं सूर सुटलाय तुझा.” काय तो माझा आवाज! लिफ्टवाल्यांनी उगीच नाही निवडला. या वेळी मी साथ पेटीशी ताडून पाहिली. तीनदा पाहिली. मग ते साथ वाजवायचं यंत्र माळ्यावरून काढून उघडलं, तर आतला रबरी पट्टा जुन्या पायजम्याच्या इलॅस्टिकसारखा सैल. यंत्र हळू चालत होतं, त्यामुळे साथ उतरली होती, आणि तू अगदी सुरात होतीस. माझी चूक झाली, ताई. एवढं एक वाक्य लिहायला मला सरकारी अर्ज लागला, याची लाज वाटते.

भाऊजींना नमस्कार. खोकल्याला गरम पाणी चालू ठेवा.

तुझा,
धाकटा (उद्योग की छंद, अजून ठरायचंय)

ता. क. – अर्जात दुसरं माणूस म्हणून तुझं नाव घातलंय. हुद्दा: गायिका, कायम. तपासणीसाठी साहेब पुढच्या गुरुवारी येणार आहेत. दोन्ही माणसं जागेवर नसली तर अर्ज बाद. तेव्हा तू बुधवारीच ये.

ता. क. २ – तुझं नाव घातलं हे खरं, पुढच्या गुरुवारचं मात्र खोटं. साहेब येऊन गेले. गाद्या दाबून पाहिल्या, दुसरं माणूस कुठाय विचारलं. मी म्हटलं, येईल. भला माणूस, चहा संपल्यावरही बराच वेळ थांबला. मग अर्ज बाद केला. तरी तू ये. गायलंच पाहिजे असं नाही.

ता. क. ३ – पट्टा नवा बसवलाय.