बायकांचं पित्त

भोर, डिसेंबर २००३

प्रिय लता,

हातातलं काम ठेव आणि बसून वाच. शेवटपर्यंत वाच, पटलं नाही की मधेच मिटून ठेवायची तुझी खोड मला शाळेपासून ठाऊक आहे.

रमजानच्या आधी आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली, ते तुला कळवलं होतंच. छातीवर मूठ दाबून आमचे मौलालीसाहेब ओट्यावर बसले आणि सगळी आळी गोळा झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हात लावायच्या आधीच पुण्याची वाट दाखवली. तिथे यंत्रं लावली, रक्त तपासलं, आणि निघालं काय, तर वायू! आम्ही पोट धरून हसलो.

मग ईद झाली आणि माझा नंबर लागला. छातीत फारसं नाही, नुसतं जड. पण जबडा दुखायचा, पाठ भरून यायची, जिना चढताना घाम फुटायचा. त्याच डॉक्टरांनी नाडी धरली, वय विचारलं आणि म्हणाले, बायकांचं पित्त असतं, जागरणं कमी करा. त्यांच्या भिंतीवर हृदयविकाराचं चित्र होतं. मिशीवाला माणूस, छातीवर हात. त्याच्याखाली बसून मी गोळ्या पदरात बांधल्या, आणि मला खरंच पटलं गं! त्याचाच राग येतो. दोन दिवसांनी अशी मळमळ सुटली की भिंत धरून उभी राहिले. हे मला पुन्हा तिथेच घेऊन गेले आणि डॉक्टरांवर कडाडले, “मला ढेकर अडकला तर पुण्याला धाडलंत, हिला का न्हाई? हिला काळीज न्हाई व्हय?”

काळीज होतं, आणि पुण्याला तपासलं तर त्याची एक नळी बंद होत आली होती. पुण्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं, छातीत बायकांनाही दुखतं, पण पुष्कळदा जबडा, पाठ, मळमळ, थकवा हेच पुढे येतं. वर्षानुवर्षं तपासलं ते बहुतेक पुरुषांनाच, म्हणून पुस्तकंही त्यांच्याच दुखण्याची झाली आणि आपलं दुखणं ‘वेगळं’ ठरलं. अर्धं जग वेगळं! अजून उशीर झाला असता तर मी हाती लागले नसते, असंही त्या म्हणाल्या.

आता तुझं. परवा तुझं पत्र आलं. दाढ दुखते पण दाढेत कीड नाही, तुमच्या हिर्डोशीचा चढ हल्ली चढवत नाही, पाठीला बाम चोळते, चाळिशी उलटली की पित्त वाढायचंच, असं हसतहसत लिहिलंयस. हे सगळं माझंच दुखणं आहे गं! तुमच्या गावच्या शाळेतला फोन बंद, एसटीचा भरवसा नाही, म्हणून माझा भाऊ इरशाद जीप घेऊन आलाय. हे पत्र त्यानेच तुझ्या हातात दिलंय. त्याला चहा विचारत बसू नकोस. तुझ्या नारायणरावांना सांग, आणि ते नको म्हणाले तर तशीच जीपमध्ये बस. पुण्याच्या बाईंशी मी बोलून ठेवलंय. तपासून पित्तच निघालं तर जन्मभर मला चिडव. पण चिडवायला तू राहा, लता. ऊठ.

काळजीने अर्धी झालेली,
तुझीच
हसीना